मासा मेला कशाने, आणि रोग आला कोणाबरोबर?

भीमेच्या पात्रात मासे मरून वर येणे ही गोष्ट मांडवगण फराटा आणि आसपासच्या गावांना नवी नाही. मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते आणि पुण्याचे सांडपाणी आपल्या दारावरून खाली जाते. उन्हाळ्यात नदीला धार राहत नाही, बंधाऱ्याला ढापे टाकलेले असतात, पाणी साचून हिरवे होते आणि एखाद्या सकाळी काठाला पांढरी पोटे दिसू लागतात. "पाणी लागलं," असे म्हणून आपण मोकळे होतो. नदीच्या बाबतीत पुष्कळ वेळा ते खरेही असते.

पण आता मासा नदीपुरता राहिलेला नाही. शिरूर-दौंडच्या या पट्ट्यात शेततळी झाली. उसाबरोबर जोडधंदा म्हणून कोणी त्यात रोहू, कटला सोडतो, कोणी सायप्रिनस. खाली उजनीच्या फुगवट्यात पिंजऱ्यातले मत्स्यपालन आले. बंदिस्त पाण्यातला मासा मेला तर दर वेळी "पाणी लागलं" म्हणून भागणार नाही. पाण्यातला प्राणवायू संपून मेलेला मासा तुमच्या एकट्याचे नुकसान करतो. रोगाने मेलेला मासा शेजाऱ्याचेही करतो, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तुमचे.

तेव्हा पहिला प्रश्न असा, की मासे एका रात्रीत मेले की दहा-पंधरा दिवसांत? प्राणवायू कमी पडला तर मासे पहाटे वर येऊन तोंडे उघडझाप करतात, सगळ्या जातींचे एकदम मरतात, त्यातही मोठे आधी जातात. ऊन वर आले की वाचलेले सावरतात. औषध फवारलेल्या रानातले पाणी तळ्यात उतरले असेल तर वेळेचे बंधन नसते. लहान मासे आधी मरतात, बेडूक आणि पाण्यातले किडेही मरतात. रोगाची चाल निराळी असते. आज दोन, परवा पाच, आठवड्याने वीस. बहुधा एकाच जातीचे किंवा एकाच वयाचे. चारा टाकला तर वर येत नाहीत, कडेला सुस्त उभे राहतात, अंगावर तांबडे डाग पडतात, मग खड्डे. हा फरक कळायला प्रयोगशाळा लागत नाही, रोज मेलेले मासे मोजून वहीत लिहावे लागतात. ते मात्र आपण करत नाही.

नॉर्वेवाल्यांनी काय विचारले

माशांचा साथीचा रोग एका तळ्यातून दुसऱ्यात कसा जातो याचा सगळ्यात बारकाईने अभ्यास झाला तो सॅल्मन नावाच्या माशावर. (आपल्याकडे हॉटेलात रावसाला 'इंडियन सॅल्मन' म्हणतात, तो हा नव्हे. हा थंड पाण्यातला, परदेशी.) नॉर्वे, स्कॉटलंड, चिली या देशांत समुद्रात जाळ्याचे पिंजरे टाकून तो लाखो टन पिकवतात. पिलू गोड्या पाण्यात वाढते आणि हातभर व्हायच्या आत समुद्रातल्या पिंजऱ्यात नेऊन सोडतात. आपले मत्स्यजिरे, बोटुकली आणि मग तळे, तसाच तो प्रकार.

१९८४ मध्ये नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर या माशांत एक रोग उठला. कल्ले पांढरे पडायचे, रक्त पाण्यासारखे व्हायचे, मासे मरायचे. रक्तक्षयाचा संसर्गजन्य रोग असे त्याचे नाव पडले. पुढच्या पाच-सहा वर्षांत तो किनारपट्टीभर गेला. यातली ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही, की रोगाचा विषाणू प्रयोगशाळेत वेगळा करता आला तो १९९५ मध्ये, आणि साथ आटोक्यात आली ती त्याच्या आधीच. १९९४ च्या सुमारास नवे उद्रेक बोटांवर मोजण्याइतके उरले होते. विषाणू सापडला नव्हता आणि त्यावर औषधही नव्हते, मग साथ थांबली कशी?

त्यांनी चोराचा चेहरा माहीत नसताना त्याचा रस्ता शोधला. समुद्रात एकदा सोडलेला मासा उचलून दुसऱ्या ठिकाणच्या समुद्रात न्यायचा नाही, असा नियम केला. पिलू विकताना आरोग्याचा दाखला सक्तीचा केला. मासे कापण्याच्या कारखान्यातले रक्ताचे पाणी निर्जंतुक केल्याशिवाय समुद्रात सोडायचे नाही, असे ठरवले. गेल्या वर्षीचे मासे आणि यंदाची पिले एका जागी ठेवायला मनाई झाली.

नंतर तिथल्या पशुवैद्यकांनी हिशेब मांडला. रोग झालेली शेते एका बाजूला आणि न झालेली दुसऱ्या बाजूला ठेवून दोघांना तेच प्रश्न विचारले. पिले कुठून आणली? बोट कोणाची? कामगार आणखी कुठे जातात? जवळ काय आहे? त्यातून असे निघाले, की ज्या शेतापासून पाच किलोमीटरच्या आत रोगी शेत आहे त्याला धोका मोठा, आणि ज्याच्या पाच किलोमीटरच्या आत मासे कापण्याचा कारखाना आहे त्याला तर त्याहून मोठा. जिवंत आजारी शेजाऱ्यापेक्षा कापलेल्या माशाचे पाणी वाईट! घरी बसून हे कोणाला सुचले नसते. विचारले म्हणून कळले.

स्कॉटलंडमध्ये १९९८ साली हाच रोग आला. तिथे तर शेकडो किलोमीटर दूरच्या बेटांवर तो उगवला. एवढ्या लांब प्रवाहाबरोबर विषाणू जाईल हे पटण्यासारखे नव्हते. मग अभ्यासकांनी बोटींच्या नोंदी काढल्या. तिकडे जिवंत मासे वाहून नेणाऱ्या खास बोटी असतात, त्यांच्या पोटात पाण्याच्या टाक्या असतात. कोणती बोट कोणत्या दिवशी कुठे थांबली ते मांडल्यावर रोगाचा नकाशा आणि बोटींचा नकाशा जुळत गेला. ज्या शेतावर बोटींच्या खेपा जास्त, तिथे रोगाची शक्यता जास्त.

आणि ज्यांनी ऐकले नाही त्यांचे काय झाले, तेही सांगतो. चिली हा देश सॅल्मन पिकवण्यात जगात नॉर्वेच्या खालोखाल. तिथे पिंजरे एकमेकांना खेटून होते, प्रत्येक जण आपापल्या सोयीने मासे टाकायचा आणि काढायचा. जुलै २००७ मध्ये चिलोए बेटाच्या भागात हा रोग सापडला आणि तीन वर्षांत अटलांटिक सॅल्मनचे उत्पादन साधारण एक तृतीयांशावर आले. हजारो लोकांचे काम गेले. त्यानंतर तिथे कायदा झाला. जवळजवळच्या शेतांची एक वस्ती धरायची, त्या वस्तीतल्या सगळ्यांनी एकाच वेळी मासे सोडायचे, एकाच वेळी काढायचे आणि मग सगळ्यांनी मिळून तीन महिने पाणी मोकळे ठेवायचे. आपण रान पडीक टाकतो तसे समुद्र पडीक. एकट्याने टाकून उपयोग नाही, कारण शेजाऱ्याच्या पिंजऱ्यात रोग जिवंत राहतोच.

एकाचे दोन, दोनाचे चार

या सगळ्या अभ्यासाच्या मुळाशी एक साधे गणित आहे. एक आजारी मासा मरेपर्यंत किंवा बरा होईपर्यंत सरासरी किती निरोगी माशांना रोग देतो? दोघांना देत असेल तर एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ, आणि दहाव्या फेरीला हजाराच्या पुढे. एकापेक्षा कमी जणांना देत असेल तर साथ आपोआप विझते. म्हणजे रोगाचा प्रत्येक रस्ता बंद करावा लागत नाही. एवढेच रस्ते बंद करायचे, की आकडा एकाच्या खाली यावा.

आता आपल्या तळ्याकडे पाहा. शिफारस सर्वसाधारणपणे हेक्टरी ५ ते १० हजार बोटुकलीची, म्हणजे गुंठ्याला ५० ते १००. "थोडी मरतूक होणारच, जास्त टाकू" असे म्हणून दुप्पट-तिप्पट टाकणारे आहेत. दाटी वाढली की एक आजारी मासा जास्त जणांना भेटतो आणि तो आकडा वर जातो. मेलेला मासा दोन दिवस पाण्यात तसाच ठेवला तरी तो वर जातो. मेलेला रोज सकाळी काढून, तळ्यापासून दूर खड्ड्यात चुना टाकून पुरला, तर खाली येतो. फुकटचे काम आहे, पण त्याने जेवढा फरक पडतो तेवढा पुष्कळ औषधांनी पडत नाही.

आपल्याकडची साथ

आता आपल्याकडच्या माशांचा रोग घेऊ. अंगावर लाल चट्टे, मग खोल जखमा, मांस उघडे पडते, शेपटी झडते, तरी मासा काही दिवस जिवंत फिरतो. इंग्रजीत त्याला थोडक्यात 'ईयूएस' म्हणतात, आपण जखमांचा रोग म्हणू. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जपान आणि ऑस्ट्रेलियात तो दिसला, मग इंडोनेशिया, थायलंड असे करत १९८८ मध्ये बांगलादेशातून भारताच्या ईशान्येकडच्या राज्यांत शिरला. १९९१ मध्ये तो केरळात होता. म्हणजे अंदाजे तीन वर्षांत आसामातून केरळात! कोणतीही नदी आसामातून केरळात वाहत नाही. मासा नेणाऱ्यानेच तो नेला, हे उघड आहे.

हा रोग बुरशीसारख्या एका जीवापासून होतो. त्याचे बीज पाण्यात पोहते आणि माशाच्या कातडीला कुठे खरचटले असेल तिथे घुसते. पावसाळ्यानंतर पाणी गार होऊ लागले की त्याला जोर चढतो. आपल्याकडे दिवाळी ते संक्रांत हा सावध राहण्याचा काळ. मरळ सगळ्यात आधी सापडते, रोहू, कटला, मृगळही सापडतात. सायप्रिनस आणि चिलापी बहुधा टिकतात. माणसाला हा रोग होत नाही. पण ईशान्येत आणि बांगलादेशात ती साथ आली तेव्हा लोक बाजारात मासाच घेईनात, ज्यांच्या तळ्यात रोग नव्हता तेही बुडाले.

बांगलादेशातही पुढे नॉर्वेसारखाच अभ्यास झाला, रोग झालेली तळी आणि न झालेली तळी शेजारी ठेवून. तिथले निष्कर्ष आपल्याला जास्त जवळचे. ज्यांनी तळे आटवून वाळवले, बीज सोडण्याआधी चुना टाकला, जाळे एका तळ्यातून काढल्यावर वाळवून मगच दुसऱ्यात घातले, त्यांना रोग कमी. ज्यांच्या तळ्यात पुराचे किंवा ओढ्याचे पाणी आणि त्याबरोबर जंगली मासे आले, त्यांना जास्त. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने यावर 'सिफॅक्स' नावाचे औषध काढले. एक मीटर खोल पाण्याच्या हेक्टरभर तळ्याला एक लिटर, असे त्याचे प्रमाण. औषध उपयोगी आहे, जरूर वापरावे. पण ओढ्याचे पाणी तळ्यात तसेच येत असेल तर औषध दर वर्षी घ्यावे लागेल, हेही लक्षात असू द्या.

आपली बोट कोणती?

स्कॉटलंडची बोट आपल्याकडे नाही. आपल्याकडे व्यापाऱ्याची पिकअप आहे. विचार करून बघा. मासा काढायच्या दिवशी जाळे कोणाचे असते? क्रेट कोणाचे? पाण्यात उतरणारी माणसे काल कुठल्या तळ्यात उतरली होती? सकाळी दौंडच्या बाजूला एक तळे ओढले, दुपारी नदी ओलांडून आपल्याकडे दुसरे, आणि जाळे मधल्या वेळात ओलेच. बंधारा आडवा आहे, पूर नाही, दोन्ही तळ्यांचे पाणी कधी एकमेकांना भेटत नाही, तरी रोग पोचतो. पाण्याबरोबर रोग फक्त वरून खाली जातो, भीमेच्या धारेबरोबर उजनीकडे. चाकावर बसला की तो खालून वरही येतो. उजनीच्या फुगवट्यातून, भिगवणच्या मासळी बाजारातून परतणारी रिकामी क्रेट धुतली जातात का, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारले आहे?

बीजाचेही तेच. पश्चिम बंगालपासून आलेले बीज ऑक्सिजनच्या पिशव्यांत आपल्याकडे विकले जाते. स्वस्त मिळाले म्हणून घेतो आणि कोणत्या केंद्रातले ते विचारत नाही. उसाचे बेणे घेताना मात्र चार ठिकाणी प्लॉट पाहून येतो! बीज आल्यावर पिशवीतले पाणी तळ्यात ओतू नये. शंभर लिटर पाण्यात दोन ते तीन किलो मीठ विरघळवून, जाळीच्या पिशवीत घेऊन बोटुकली एक-दोन मिनिटे त्यात बुडवावी आणि मग सोडावी. तडफडू लागली तर लगेच काढावी. केंद्राने बंदी घातलेला थाई मागूर चोरून वाढवणारे आहेत, उजनीच्या काठाला त्यावर कारवायाही झाल्या. बाकी नुकसान सोडा, पण चोरून आणलेल्या माशाची नोंद नसते, आणि नोंद नसलेल्या माशाबरोबर काय आले ते कधीच कळत नाही.

काही जण सगळा दोष पाणकावळ्याला देतात. एका तळ्यातला मासा उचलून तो दुसऱ्यात टाकू शकतो, हे नाकारत नाही. तळ्यावर दोऱ्या ताणाव्यात. पण मला वाटते, पाणकावळ्याचे नाव पुढे येते ते तो उलट बोलत नाही म्हणून. व्यापाऱ्याला "जाळे वाळवलेस का" असे विचारायला धीर लागतो, कारण मासा त्यालाच विकायचा असतो. म्हणून हे एकट्याने विचारण्याचे काम नाही. गावातल्या पाच-सहा तळेवाल्यांनी एकत्र बसून ठरवले, की ओले जाळे कोणाच्याच तळ्यात उतरणार नाही, तर तो काय करील? आणि त्याहून सोपे म्हणजे, सगळ्यांनी मिळून एक जाळे गावचेच घ्यावे.

सरपंच, ग्रामसेवक यांच्यासाठी

२०२२ मध्ये जनावरांना लम्पी आली तेव्हा बैलबाजार बंद झाले, शर्यती बंद झाल्या, जनावर इकडचे तिकडे नेण्यावर बंधने आली. लोकांनी कुरकुर केली, पण का ते समजले. माशांच्या बाबतीत असा विचार अजून गावपातळीवर शिरलेला नाही. रोगी तळ्यातला मासा घाईने काढून विकण्याकडे कल असतो. तो मनुष्यस्वभाव आहे, त्याला दोष देत नाही. निदान तो मासा तळ्याच्या किंवा ओढ्याच्या काठावर साफ होऊ नये, त्याचे पोटातले घाण पाणी बंधाऱ्यात जाऊ नये, एवढे तरी ग्रामपंचायतीला पाहता येईल. नॉर्वेतला कापण्याचा कारखाना आठवा.

गावतळे ठेक्याने देताना करारात दोन ओळी वाढवायला खर्च येत नाही. एक, बीज कुठून आणले त्याची पावती पंचायतीत द्यावी. दोन, मरतूक झाल्यास त्याच दिवशी कळवावे. आणि कळवणाऱ्याला शिक्षा झाल्यासारखे वाटू नये, एवढे पथ्य पाळावे. एकदा कळवले म्हणून ठेका गेला, तर पुढच्या वेळी कोणी कळवणार नाही.

केंद्र सरकारने २०१३ मध्ये जलचरांच्या रोगांवर देशभर लक्ष ठेवण्याची योजना सुरू केली. लखनौची राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरो ही संस्था ती चालवते, मुंबईत वर्सोव्याला असलेली केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था तिच्याशी जोडलेली आहे. जून २०२३ मध्ये 'रिपोर्ट फिश डिसीज' नावाचे मोबाइल ॲप निघाले, त्यावर शेतकऱ्याला फोटोसह रोग कळवता येतो. जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला कळवावे ते वेगळेच.

नमुना पाठवताना बहुतेक जण मेलेला, फुगलेला मासा पिशवीत घालून नेतात. त्याचा उपयोग नाही, पाण्यात तो तासाभरातच सडू लागतो आणि मग मूळ रोग ओळखता येत नाही. लक्षणे दिसणारे पण अजून जिवंत असलेले तीन-चार मासे त्याच तळ्याच्या पाण्यात, ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत न्यावेत. ते जमले नाही तर नुकताच मेलेला मासा बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवावा. बरोबर त्याच तळ्यातले दोन धडधाकट मासेही न्यावेत, तुलनेला लागतात. एका बाटलीत तळ्याचे पाणी घ्यावे. आणि एका कागदावर लिहावे: तळे किती गुंठ्यांचे, बीज कधी आणि कुठून आणले, किती टाकले, पहिला मासा कोणत्या तारखेला मेला, त्यानंतर रोज किती मेले, मागच्या महिन्यात तळ्यात कोणाचे जाळे उतरले, आणि आसपास आणखी कोणाच्या तळ्यात असे झाले का.